तिसरं कडवं

कांद्याची पात पिवळी पडून रानात आडवी झाली, की आमच्या भागात यात्रा सुरू होतात. आज या गावाची, उद्या नदीपल्याडच्या गावाची. कर्ण्याचा आवाज वाऱ्यावर येतो आणि जातो. शब्द कळत नाहीत, चाल तेवढी कळते. रानात बायका ओळीनं बसून पात कापतात. चैत्रातलं ऊन पाठीवर असतं. कांद्याचा वास बोटांत इतका मुरतो, की दुपारी भाकरी मोडली तरी तोंडात आधी कांदा येतो आणि मग भाकरी. हा वास साबणानं जात नाही, राखेनं घासला तरी जात नाही. हंगाम संपला की आपोआप जातो.

यंदा मी काढणीला गेले नाही. गुडघे खाली बसू देत नाहीत. कांदा साठवायच्या चाळीच्या सावलीला पाटावर बसून कांदा निवडते. मोठा एकीकडं, जोडकांदा एकीकडं, बारीक गोलटी एकीकडं. परवा रस्त्यानं कुणाच्या तरी लग्नाची गाडी वाजत गेली. तिच्यावर ते गाणं लावलं होतं.

सकाळी व्हती खुर्चीवरी,
दुपारी आली चुलीवरी,
बाई गं बाई, सरपंचबाई,
सरपंची तुझी गेली कुठं?

माझी नात कांद्याच्या ढिगाशेजारी नाचायला लागली. सहा वर्षांची आहे. कमरेवर हात ठेवून, मान हलवून, सगळं बरोबर करत होती. मी तिला विचारलं, "कोण गं ही बाई?"

ती म्हणाली, "गाण्यातली."

ती गाण्यातली नाही. आमच्या बांधाला बांध लावून तिचं रान आहे. तिचं नाव कौसल्या. सगळ्या बायका तिला कौसा म्हणतात. मीही म्हणत होते. आणि या गाण्याला तिसरं कडवं होतं, ते आता कुणी वाजवत नाही. त्या कडव्यात मी आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. मंचरला बाजार आणि यात्रेचा तमाशा ठरवायला नारायणगाव, एवढं सांगितलं म्हणजे भाग कळेल. कौसा आणि मी एकाच वैशाखात लग्न होऊन या गावात आलो. दोघी चौथी शिकलेल्या. दोघींच्या घरात मिळून एक विहीर, तीन दिवस पाणी त्यांना, तीन दिवस आम्हाला. सातव्या दिवशी ज्याचं भिजायचं राहिलं त्यानं घ्यायचं. काढणीला आम्ही शेजारी शेजारी बसायचो. तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालायचा. मी मागं पडले की ती माझ्या ओळीतला वाफा कापून द्यायची आणि वर म्हणायची, "तुज्या आईनं तुला काय फुलं वेचायला शिकवलं का गं?"

आमचं बोलणं हे असंच असायचं. त्यात जिव्हाळा होता की नाही ते आम्ही कधी बघितलं नाही. तशी गरज पडली नाही.

मग पंचायतीत बायकांना जागा राखीव झाल्या. गावात बापू म्हणतील तसं चालायचं. बापू म्हणजे गावचे पुढारी, सगळ्यांना वहिनी, ताई म्हणून गोड बोलणारे. त्यांना पॅनलमध्ये बायका घालायच्या होत्या. आमचे मालक बापूंच्या मागं फिरायचे म्हणून मला उभं केलं. कौसाचा सासरा गावात मानाचा होता म्हणून तिला उभं केलं. आम्ही दोघी निवडून आलो. सरपंचाची जागाही त्या खेपेला बाईला होती. बापूंनी नऊ जणांवर नजर फिरवली आणि कौसाला सरपंच केलं. त्यांना वाटलं, रानात राबणारी बाई आहे, दाखवू तिथं सही करील.

ऑफिसात हाताची खुर्ची एकच. पहिल्या दिवशी कौसाचा नवरा सवयीनं जाऊन तिच्यावर बसला. शेजारच्या गावांत सगळीकडं तसंच चाललं होतं. बाई सरपंच, बसायचा नवरा. कौसा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आवो, तुमी जरा पलीकडं सरका. मला लिहायचंय."

सगळे हसले. तिचा नवराही हसला आणि पलीकडं सरकला. बापू हसले नाहीत.

दुसऱ्या की तिसऱ्या मिटिंगला बापूंनी कागद पुढं केला. "वैनी, हितं सही करा."

"वाचून करते."

"त्यात वाचायचं काय?"

"मग लिवलंय कशाला?"

ती बोटानं ओळ धरून वाचायची. एका कागदाला अर्धा तास लागायचा. तोवर मेंबर तंबाखू मळत बसायचे. मला हसू यायचं आणि मी पदर तोंडाला लावायचे. कोऱ्या कागदावर तर तिनं कधीच सही केली नाही. नळाची लाईन टाकायची वेळ आली तेव्हा तिनं खालच्या बौद्ध वस्तीची आधी घेतली आणि वरच्या आळीची मागून. म्हणाली, "वरच्या आळीला घरोघरी हिरी हायेत. खाली बाया नदीवरनं आणत्यात." एवढंच कारण तिनं सांगितलं. ते खरं होतं. खरं असल्यामुळं कुणाला बोलता आलं नाही, आणि ते जास्त झोंबलं.

पुढच्या वर्षी ऐन काढणीत बापूंनी काढलं, की मेंबरांना देवदर्शनाला न्यायचं. मी मालकांना म्हणाले, कांदा रानात आहे, मी कशी जाऊ. मालक म्हणाले, "कांद्याचं मी बघतो. तू जा." लग्न झाल्यापासून ते कधी कांद्याचं बघतो म्हणाले नव्हते. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. थोडं कळलंही होतं. दोन जीपगाड्या भरून आम्ही निघालो. त्यात कौसा नव्हती, आणि तिच्या बाजूचा एक म्हातारा मेंबर होता तो नव्हता. मी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मला मजा आली. मी तोवर आळंदीच्या पुढं गेले नव्हते. लॉजमध्ये खोलीला आतून कडी होती आणि नळाला गरम पाणी होतं. सकाळी उठून चूल पेटवायची नव्हती. माझ्या खोलीत सिंधू म्हणून दुसरी मेंबर होती, माझ्याहून लहान. आम्ही दोघींनी आइस्क्रीम खाल्लं. सिंधू म्हणाली, "काकू, असं आठ दिस ठेवलं तरी चालंल वो."

चौथ्या दिवशी जेजुरी केली. गडावर बापूंनी सगळ्यांना देवापुढं उभं केलं आणि बेलभंडारा उचलायला सांगितला. हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन शब्द द्यायचा. दिलेला शब्द मोडला तर घराला लागतो, पोराबाळांवर येतो, असं आमच्यात मानतात. मीही मानते. बापू म्हणाले, "गेल्यावर एक मिटिंग हाय. सगळ्यांचं हात एकसारखं पायजेत."

सिंधूनं विचारलं, "कसली मिटिंग?"

"गावाच्या भल्याची."

रीत अशी आहे, की आधी शब्द काय ते सांगायचं आणि मग भंडारा उचलायचा. आमचा भंडारा आधी झाला. मी उचलला. कपाळाला लावला. माझ्या पोराचं लग्न ठरायचं होतं, त्याचं नाव मनात घेतलं. उतरताना पायऱ्यांवर पिवळं पिवळं सांडलं होतं आणि चपलांना चिकटत होतं.

परत येताना पेठला जीप थांबवली, चहा सांगितला, आणि मग बापूंनी सांगितलं. कौसावर अविश्वासाचा ठराव आहे. तहसीलदार येऊन बसलेत. नोटीस आधीच निघाली आहे. नऊ मेंबर, बाई सरपंच असल्यामुळं सात हात लागतात. सिंधू रडायला लागली. मी बिस्कीट चहात धरलं होतं ते तुटून खाली गेलं. मी ते चमच्यानं काढून खाल्लं.

मी म्हणाले, "मंग कौसाला सांगाया पायजे."

बापू म्हणाले, "वैनी, भंडारा उचलला का न्हाई?"

"उचलला."

"मंग झालं."

जीप घरी गेली नाही, थेट पंचायतीच्या दारात उभी राहिली. कौसा आत बसली होती. निवांत होती. नोटीस मिळाल्यावर ती माझ्या घरी येऊन गेली होती, ते मला मागून कळलं. माझ्या पोराला ती म्हणाली होती, "तुझी आय हाय तवर सहाच हात व्हत्यात." तिची मोजणी बरोबर होती. ती मला धरून होती.

तहसीलदारांनी ठराव वाचला. ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा म्हणाले. मी केला. हात वर केल्यावर बांगड्या कोपरापर्यंत खाली सरकल्या, एवढं आठवतं. साहेबांनी पेनानं मोजलं. सातवा माझा होता.

कौसानं पेनाला टोपण लावलं. साहेबांना विचारलं, "कुठं सही करू?" ते म्हणाले, तुमच्या सहीची गरज नाही. ती उठली आणि बाहेर गेली. दुपार होती. मी घरी आले, मालकांनी कांदा रानातच ठेवला होता, तो गोळा केला. भाकरी केली, खाल्ली. मला काही झालं नाही. लोक म्हणतात मन खातं, झोप लागत नाही. मला लागली. सकाळी उठून पाण्याचं इंजिन चालू करायला गेले, तर कौसानं तिची पाळी संपवून किल्ली खुंटीला लावून ठेवली होती. एरवी पाळी बदलताना ती किल्ली हातात द्यायची आणि दोन शब्द बोलायची. त्या दिवसापासून किल्ली खुंटीला.

पुढच्या चैत्रात ते गाणं आलं.

कुणी तरी तमाशात ढोलकी वाजवणारा होता. आमच्या यात्रेत येऊन गेलेला. चहाच्या गाड्यावर त्यानं ही गोष्ट ऐकली आणि तिचं गाणं केलं. नारायणगावात कॅसेट मिळायला लागली. वरच्या कागदावर साडी नेसलेली एक बाई, हातात लाटणं. कौसा तशी दिसत नव्हती. पहिल्या कडव्यात बाई नवऱ्याला खुर्चीवरून उठवते. दुसऱ्यात ती बोटानं वाचते आणि मेंबर झोपा काढतात. ही दोन्ही कडवी ऐकून आमच्या गावातले लोक हसून हसून लोळले, कारण दोन्ही खरी होती. तिसरं कडवं असं होतं:

एका बांधाची, एका पाण्याची,
मैतरीण तिची जिवाची,
तिनंच केला हात वरी,
तिला लाज न्हाई कुणाची.

मी ते पहिल्यांदा रानात ऐकलं. कर्णा नदीपलीकडं होता, पण वारा आमच्याकडं होता. ओळीतल्या बायका कापायच्या थांबल्या नाहीत. एकीनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. मी मनात म्हटलं, चाल बरी आहे.

त्या वर्षी ते गाणं कुठं नव्हतं? एसटी स्टँडवर होतं, रसवंतीत होतं, उसाच्या ट्रॅक्टरवर होतं, वारूळवाडीला माझ्या बहिणीकडं गेले तर तिच्या शेजारी लावलेलं होतं. प्रत्येकानं आपल्याला पाहिजे तो अर्थ घेतला. सासवा सुनांना ऐकवायच्या. नवरे बायकांना ऐकवायचे. दिल्लीत सरकार पडलं तेव्हा मंचरच्या चौकात पोरांनी हेच लावलं आणि गुलाल उधळला. गाडा शर्यतीत कुणाचे बैल मागं राहिले तरी हेच. कुणीही वरून खाली आलं की लोकांना बरं वाटतं, आणि बरं वाटलं की नाचायला चाल लागते. त्यापलीकडं त्या गाण्यात कुणी काही शोधलं असं मला वाटत नाही.

पण त्याच पंचवार्षिकात आमच्या आसपास बायका सरपंच झाल्या, त्यांतली एकही हाताच्या खुर्चीवर बसली नाही. निमगावकडच्या एका बाईला मी बाजारात विचारलं, तू का बसत न्हाईस गं? ती म्हणाली, "नको बाई. गाणं करत्यात."

माझ्या पोराचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला वाजत गाजत नेतात, तसा नेला. पुढं बेंजो पार्टी. दुपारचं ऊन, पोरं घामानं निथळलेली. कौसाच्या दारासमोर आल्यावर पोरांनी बेंजोवाल्याला खूण केली आणि त्यानं ते गाणं धरलं. तिसऱ्या कडव्यासकट. पोरं तिच्या उंबऱ्यापर्यंत नाचत गेली. मी नवरदेवामागं करवल्यांत उभी होते. माझ्या डोक्यावर पदर होता, हातात नारळ होता. थांबा म्हणायला पाहिजे होतं. माझ्या पोराचं लग्न, माझा बेंजो. मी म्हणाले नाही.

कौसा दारात आली. पूर्ण गाणं होईपर्यंत चौकटीला धरून उभी राहिली. आमच्याकडं नवरदेव दारावरून चालला की आतली बाई त्याला ओवाळते. गाणं संपल्यावर ती आत गेली आणि ताट घेऊन आली. माझ्या पोराला कुंकू लावलं, ओवाळलं, त्याच्या तोंडात साखर घातली. म्हणाली, "सुखानं नांद रं बाबा." आणि दार लावून घेतलं. बेंजोवाला म्हणाला, "चला, चला, ऊन लई झालंय."

माझ्याकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काय केलं असतं हेही मला माहीत नाही.

पुढं चार-पाच वर्षांनी तो ढोलकीवाला आमच्या यात्रेत पुन्हा आला. आता त्याचं नाव झालं होतं, दोन सोन्याच्या अंगठ्या होत्या. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तमाशाची हजेरी असते, म्हणजे मोकळ्यावर थोडा वेळ वाजवतात, गातात. त्यानं ते गाणं म्हटलं. दोनच कडवी म्हणून थांबला. मी तंबूच्या मागं गेले. तो खाटेवर बसून चहा पीत होता.

मी विचारलं, "तिसरं कडवं का म्हटलं न्हाईस?"

"लांबतंय मावशी. पोरं दोन कडव्यांवर नाचत्यात आन दमत्यात. नव्या कॅसेटवर बी दोनच घेतल्यात."

"त्यातली मैतरीण मी."

त्यानं कप खाली ठेवला. मला नीट बघितलं. म्हणाला, "व्हय? मंग बरंच झालं की. तुमी सुटला."

"आन ती?"

"कोन ती?"

"सरपंचबाई."

"मावशी, तिला काढली तर गाणंच राहत न्हाई." मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, हात जोडून म्हणाला, "मी कुणावर ठरवून करत न्हाई वो. मला चाल सुचली व्हती, शब्द पायजे व्हते. तुमच्या गावानं दिले. तुमी बी दिले, तिनं बी दिले."

त्यानं मला चहा दिला. मी प्याले. चहा बरा होता. घरी येताना त्याच्या बोलण्यात खोट कुठं आहे ते शोधत आले. सापडली नाही.

म्हणून मी म्हणते, त्या गाण्यानं मला सोडलं आणि कौसाला धरून ठेवलं. मी हात वर केला ते पाच-सात वर्षांत लोक विसरले. नव्या सुना आल्या, नवी पोरं आली, त्यांना मी म्हणजे अमक्याची आजी. कौसा मात्र दर उन्हाळ्यात खुर्चीवरून उतरते आणि चुलीवर जाते. तिचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही, आणि तिला रोज उतरवतात. बापू गेले. आमचे मालक गेले. मालक गेले तेव्हा कौसा बायकांच्यात येऊन बसली, तिसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी पाठवली, पण बोलली नाही. मीही बोलले नाही. बोलायचं काय, ते मला अजून सुचत नव्हतं. मी चुकले म्हणायचं तर भंडारा उचलला होता. भंडारा उचलला होता म्हणायचं, तर न विचारता उचलला होता.

गेल्या वर्षीच्या काढणीत आभाळ भरून आलं. वळीव पडला तर उपटलेला कांदा रानातच सडतो. सगळ्यांना एकदम घाई झाली आणि मजूर मिळेनात. मी बांधावरून बघितलं, तर कौसाच्या रानात ती, तिची सून वनिता आणि मजुरीच्या दोन बायका, एवढ्याच. पाऊण रान तसंच पडलेलं. आमचा कांदा चाळीत गेला होता. मी विळा घेतला आणि बांध ओलांडला. ठरवून काही केलं नाही. पाय तिकडं गेले आणि मी ओळीच्या शेवटाला बसले.

कौसानं बघितलं. ऊठ म्हणाली नाही, हे मी धरलं.

तासभर आम्ही नुसत्या कापत होतो. मग वनिताच्या कमरेच्या पिशवीत तिचा मोबाईल वाजला. तेच गाणं, नुसता मुखडा, बारीक किरट्या आवाजात. तिचा नवरा बोलत होता, पोती कुठं ठेवली ते विचारत होता. बोलणं झाल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडं निरगुडसरला हळदीला ह्येच गाणं लई वाजायचं. कुणावर हाय वो ह्ये?"

मजुरीच्या दोन्ही बायका एकदम खाली बघायला लागल्या. त्यांना माहीत होतं. सून सात वर्षं त्या घरात होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "तुझ्या सासूवर."

"काय वो मावशी! कायपन." ती हसली. मग तिनं सासूकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. "आत्या? तुमी सरपंच व्हता?"

कौसा कापता कापता म्हणाली, "चौदा म्हैनं."

"आन मंग?"

मग मी सांगितलं. बापू, जीप, जेजुरी, पेठ, सगळं. तिसरं कडवं सांगितलं, म्हटलं नाही, नुसतं बोलून दाखवलं. म्हणाले, "त्यातली मैतरीण म्हंजी मी. सातवा हात माझा." सांगताना आवाज हलला नाही. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. वनिताचा विळा थांबला होता. आभाळ काळं झालं होतं आणि वारा पडला होता.

कौसा म्हणाली, "चुलीवर न्हवते गेले मी."

ती माझ्याशी बोलत होती की सुनेशी, ते पहिल्यांदा कळलं नाही.

"त्या दुपारी मी टाकीवर गेले. खालच्या वस्तीची लाईन जोडून झाली व्हती, पानी सोडायचं राहिलं व्हतं. उद्या ह्ये लोक सोडू देतील का न्हाई, कुणाला म्हाईत. म्हून मी जाऊन चावी फिरवली. धा-बारा हंडं भरंस्तवर उभी राहिले. चूल सासूबाईंनी पेटवली व्हती."

वनिता फस्सकन हसली. म्हणाली, "मंग गाणं खोटंच हाय की आत्या!"

"तेवढं खोटं हाय," कौसा म्हणाली. "बाकी खरं हाय."

मग ती माझ्याकडं वळली. दहा-अकरा वर्षांत तिचं तोंड मी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. दात गेले होते. तिनं माझं नाव घेतलं नाही.

"भंडारा उचलला व्हता, त्ये मला सिंधूनं सांगितलं. हात वर केलास, केलास. पर सगळा येळ भिताडाकडं बघत व्हतीस. माझ्याकडं का बघितलं न्हाईस?"

हे तिनं मला विचारावं म्हणून मी इतकी वर्षं थांबले होते, हे मला तेव्हा कळलं. उत्तर तयार होतं.

"तुझ्याकडं बघितलं असतं तर हात खाली आला असता."

"मंग येऊ द्यायचा व्हता," कौसा म्हणाली.

तिनं भरलेली पाटी उचलली, डोक्यावर घेतली आणि ढिगावर नेऊन ओतली. परत आली ती दुसऱ्या ओळीला जाऊन बसली. वनितानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि विळा चालू केला. मी माझी ओळ शेवटपर्यंत कापली.